सगुणाकाकूंचे बेचाळीस रकाने

एका जंगलात, मुलांनो, वाघापेक्षा रकान्याचा दरारा मोठा होता. वाघाचं पोट भरलं की तो आठवडाभर झोपायचा. रकाना मात्र रोज भरावा लागायचा.

त्या जंगलात दोन सार्वजनिक वाचनालयं होती. एक वरच्या पाणवठ्यावर, एक खालच्या. प्राण्यांना वाचता कसं यायचं, हे मला विचारू नका. माणसांना वाचता येतं आणि तरी ती वाचत नाहीत, हे कोडं आधी सोडवा.

दरबारानं दोन्ही वाचनालयांना एकेक संगणक दिला होता. धबधब्याच्या विजेवर तो चालायचा. कोणतं पुस्तक कुणी नेलं, नेणारा राहतो कुठे, पुस्तक परत कधी येणार, हे सगळं त्यात असायचं.

खालच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या सगुणाकाकू. त्या साळिंदर होत्या. शिक्षण बेताचं, पण काम चोख.

त्यांच्या काही सवयी होत्या. पाणी प्यायला उठल्या तरी त्या संगणक बंद करून उठायच्या. पासवर्ड दर पंधरवड्याला बदलायच्या. तो त्यांच्या डोक्यात असायचा, दुसरीकडे कुठेच नाही.

एकदा संगणकावर पत्र आलं. 'अभिनंदन! आपल्याला वीस मण रताळी बक्षीस लागली आहेत. मिळवण्यासाठी इथे बोट ठेवा.' आता रताळी म्हणजे काकूंचा जीव की प्राण. त्यांनी एक लांब सुस्कारा टाकला आणि पत्र पुसून टाकलं.

"मी कधी सोडतीत भाग घेतला नाही," त्या म्हणाल्या, "मला बक्षीस कोण देणार?"

मग एकदा वानर आला. गळ्यात पिशवी, चेहरा गंभीर.

"काकू, दरबारातून आलोय. तुमच्या संगणकात जंतू शिरलाय. पासवर्ड सांगा, आत्ता काढून देतो."

"राहू दे रे जंतू, बिचारा जाईल कुठे?" काकू म्हणाल्या. "तू आधी पिशवीतलं आमचं मासिक काढून ठेव."

वानरानं मासिक ठेवलं आणि तो पुन्हा आला नाही.

पण काकूंची सगळ्यात पक्की सवय वेगळीच होती. पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव त्या संगणकातून पुसून टाकायच्या.

"पुस्तक आलं ना? मग ते कुणी वाचलं, हे मी कशाला उराशी धरून बसू?"

म्हणून खालच्या वाचनालयात प्राणी मनासारखं वाचायला यायचे. अस्वल 'वजन कमी करण्याचे शंभर उपाय' न्यायचं. घुबड चष्म्याच्या आड तोंड लपवून प्रेमाच्या कादंबऱ्या न्यायचं. खुद्द वाघ महिन्यातून एकदा मागच्या दारानं यायचा आणि 'मनातली भीती कशी घालवावी' घेऊन जायचा. काकूंनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं, पण गोष्ट सांगताना लपवाछपवी करू नये.

एका बुधवारी शेवंता आली. शेवंता म्हणजे भेकर. भेकर हे लहानखुरं हरीण असतं आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. तिच्या मागे दोन पिल्लं होती. तिनं 'नदीपलीकडची कुरणं' हे पुस्तक काकूंसमोर ठेवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"काकू, माझं नाव कुणाला दिसणार नाही ना?"

"का गं?"

"नदीचं पाणी उतरलं की पोरांना घेऊन पलीकडे जातेय. कुठून उतरायचं, ते यात दिलंय. पण लांडग्याला कळलं तर..."

पुढचं तिनं सांगितलं नाही. काकूंना ते माहीत होतं. नदी ओलांडायची जागा एकच. रोज तिथे बसून राहणं लांडग्याला जमत नसे, कारण भूक रोज लागायची आणि नदी ओलांडणारे रोज येत नसत. मात्र कोण जाणार आणि कधी जाणार, हे आधी कळलं की तो नेमका त्या दिवशी तिथे हजर असायचा.

"पुस्तक कधी आणशील?"

"पुढच्या शुक्रवारी, दुपार कलली की. तोवर पाणी उतरेल. पुस्तक देते आणि तशीच नदीवर जाते."

"अगं, एवढ्या धांदलीत पुस्तक द्यायला कशाला येतेस?"

"दुसऱ्याची वस्तू घेऊन कशी जाऊ, काकू?"

काकूंचे डोळे भरून आले. अशी वाचक सहा वर्षांत त्यांना भेटली नव्हती. बाकीचे सभासद पुस्तकं परत करायची म्हटलं की चार-चार महिने आजारी पडायचे.

"जा तू निश्चिंत," काकू म्हणाल्या. "तुझं नाव माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील."

दुसऱ्या दिवशी लांडगा आला. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. ज्याची भीती वाटते त्याला आपण अण्णा, दादा, भाऊ असंच काहीतरी म्हणतो. अण्णांनी फळीवरून नजर फिरवली. एका ठिकाणी एका पुस्तकाएवढी फट होती.

"काकू, ते नदीपलीकडचं पुस्तक कुणी नेलं हो?"

"वाचकानं."

"कोणत्या वाचकानं?"

"वाचायचं होतं त्यानं."

"मलाही वाचायचंय म्हणून विचारतो. परत कधी येणार?"

"आलं की फळीवर दिसेल."

अण्णा दात दाखवून हसले. ते दात बघून कुणाला हसू आलं नसतं.

"तुमचं हे असं, काकू. वर दिगंबरपंतांकडे बघा, सगळं कसं मोकळं! विचारावं लागत नाही."

आणि शुक्रवारी बगळेसाहेब आले. हे दरबाराचे तपासणी अधिकारी. ते एका पायावर उभे राहायचे. दुसरा पाय पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवलेला असायचा. त्यांच्या चोचीत बेचाळीस रकान्यांचा तक्ता होता.

"सायबर सुरक्षा धोरण?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय हो साहेब?"

"लेखी. सतरा भागांत."

"ते नाही. पण मी संगणक बंद केल्याशिवाय जागची उठत नाही."

"त्याचा रकाना नाही. पासवर्ड बदलता?"

"दर पंधरवड्याला."

"पुरावा?"

"कुणालाच माहीत नाही, हाच पुरावा."

"म्हणजे पुरावा नाही." साहेबांनी फुली मारली. "पासवर्ड नोंदवही लागेल. तारीख, जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि चालू पासवर्ड दर्शनी भागात लावायचा."

काकूंना वाटलं, आपल्याला ऐकायला कमी येऊ लागलं.

"दर्शनी भागात? अहो, मग तो गुप्त कसा राहणार?"

"गुप्त आहे, असं त्याच्याखाली लिहायचं. मोठ्या अक्षरात."

एकेक रकाना असाच गेला. सुरक्षा समिती नव्हती. तिच्या सभांचं इतिवृत्त नव्हतं. अनधिकृत प्रवेशाची नोंदवही नव्हती. फुल्यांनी तक्ता काळा झाला. मग साहेब शेवटच्या रकान्यापाशी आले.

"बेचाळीस. झालेल्या चोऱ्यांचा तपशील."

काकूंचा चेहरा उजळला. "चोरी एकही नाही, साहेब! सहा वर्षांत एकही नाही. निरंक लिहा."

बगळेसाहेबांनी दुसरा पायसुद्धा खाली टेकवला. असं ते फारच गंभीर प्रसंगी करायचे.

"निरंक? बाई, निरंक लिहिलं की वर शंका येते. चोरी झालीच नाही म्हणजे एक तर तुमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही, नाहीतर तुम्ही लपवताय. वरच्या वाचनालयाकडे बघा. वर्षात पाच चोऱ्या. पाचही तारीखवार. 'अ' दर्जा आहे त्यांना."

"आणि माझा?"

"तूर्त 'ड'. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. बेचाळीसच्या बेचाळीस रकाने भरलेले दिसले नाहीत, तर हे वाचनालय बंद. पुस्तकं, संगणक, वाचकांच्या नोंदी, सगळं दिगंबरपंतांकडे जमा."

काकूंच्या अंगावर काटा उभा राहिला. साळिंदराच्या अंगावर काटे असतातच, पण त्या वेळी ते असे ताठ झाले की साहेब दोन पावलं मागे सरले.

वाचनालय बंद झालं तर काकूंना दुसरं काम मिळालं असतं. त्याची त्यांना फिकीर नव्हती. पण शेवंताचं नाव वर जाणार होतं, आणि वर सगळं मोकळं होतं.

काकूंनी मनाशी ठरवलं, आपण अडाणी असू, पण शिकायला काय हरकत आहे? त्या वरच्या पाणवठ्यावर गेल्या.

दिगंबरपंत म्हणजे मोर. त्यांचं वाचनालय इतकं देखणं होतं की पुस्तकांकडे लक्षच जाऊ नये. दारातच काळा फळा होता. वर लिहिलं होतं, 'आजचा सुविचार: बोलणे चांदी, मौन सोने.' त्याच्याखाली, 'आजचा पासवर्ड: पिसारा१२३.' त्याच्याखाली मोठ्या अक्षरात, 'गुप्त.'

"या काकू, या!" पंत म्हणाले. "शिकायला आलात? शिकायला वय नसतं. हे बघा, सतरा भागांचं धोरण. सगळं स्वतः लिहिलंय. म्हणजे स्वतः उतरवून घेतलंय."

काकूंनी चाळायला सुरुवात केली. त्या वाचक होत्या, त्यामुळे त्यांनी ते खरोखरच वाचलं.

"पंत, यात म्हटलंय, वाचकांच्या यादीसाठी परिशिष्ट 'क' पाहावे. परिशिष्ट 'क' म्हणतं, 'ग' पाहावे. आणि 'ग' म्हणतं, 'क' प्रमाणे."

"बरोबर."

"मग यादी आहे कुठे?"

"यादी संगणकात आहे. ही धोरणातली यादी. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"कुणी वाचलंय का?"

"त्याचा रकाना नाही," पंत म्हणाले.

तेवढ्यात आतून खाकरल्याचा आवाज आला. काकूंनी डोकावलं. संगणकासमोर अण्णा आरामात बसले होते. समोर वाचकांची यादी उघडी होती आणि ते जिभेनं ओठ पुसत ती वाचत होते.

"अहो पंत, लांडगा!"

"हो. अण्णा, अनधिकृत प्रवेशाची सही केली का?"

"केली की, पंत! वेळसुद्धा टाकली."

"बघा!" पंतांची मान अभिमानानं ताठ झाली. "सहावी वेळ. एकदाही सही चुकवली नाही त्यांनी. आणि तुमच्याकडे काय? दार बंद. दार बंद असलं तर चोर सही कुठे करणार?"

काकूंना एक आठवलं. "पंत, तुमच्याकडे ते सशाचं जोडपं यायचं. 'सुरक्षित बिळं कशी खणावीत' वाचायचे ते. हल्ली दिसत नाहीत."

"ते ना? सभासदत्व नियमानुसार रद्द केलं. मृत्यूचे दोन्ही दाखले जोडलेत. कागदात काही कमी नाही."

काकूंनी हातातलं धोरण मिटलं. त्यांनी धोरणाचे सतरा भाग उसने मागितले. पंतांनी ते आनंदानं दिले. दिल्याची नोंद केली, ती तीन प्रतींत.

घरी येऊन काकूंनी तक्ता समोर घेतला. तीन वेळा वाचला. त्यात विचारलं होतं, संगणक आहे का? चालू आहे का? त्याला पासवर्ड आहे का? पासवर्ड लावला आहे का? धोरण उपलब्ध आहे का? बेचाळीस प्रश्न होते. संगणकाच्या आत काय आहे, हे कुठल्याच प्रश्नात विचारलेलं नव्हतं.

काकूंनी टाक उचलला. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. आणि इथे तर खोटं लिहायची गरजच नव्हती.

त्यांनी पळसाच्या पानांची ऐंशी कार्डं केली. प्रत्येकावर एका वाचकाचं नाव, पत्ता, त्यानं नेलेलं पुस्तक आणि परतीची तारीख लिहिली. मग एकेक कार्ड आपल्या पाठीवरच्या काट्यांत खोचलं. शेवंताचं कार्ड मधोमध, सगळ्यात दाट काट्यांत गेलं. संगणकातली नावं त्यांनी पुसून टाकली. आणि त्या जागी सतरा भागांचं धोरण भरलं, सगळ्या परिशिष्टांसकट, एक स्वल्पविराम न गाळता.

शेजारच्या घोरपडीनं विचारलं, "काकू, अंगावर हे काय?"

"तब्येतीला बरं असतं," काकू म्हणाल्या. तेवढं एक खोटं त्या बोलल्या, पण ते कुठल्या रकान्यात नव्हतं.

गुरुवारपर्यंत एक्केचाळीस रकाने भरले. समिती झाली. काकू अध्यक्ष, घोरपड सदस्य. सभा झाली, भुईमुगाच्या शेंगा झाल्या, इतिवृत्त झालं. दोरीला नोंदवह्या लटकल्या. दारात फळा लागला. 'आजचा पासवर्ड: रताळं७. गुप्त.' हे लिहिताना काकूंना इतकी लाज वाटली की त्यांनी फळ्याकडे पाठ करून लिहिलं. त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं.

बेचाळिसावा रकाना मात्र रिकामाच होता. चोरी काही केल्या होईना.

शुक्रवार उजाडला. ऊन डोक्यावर आलं आणि दारात अण्णा उभे राहिले. त्यांनी फळा वाचला आणि समाधानानं मान हलवली.

"अरे वा काकू! सुधारलात."

"सही," काकूंनी नोंदवही पुढे केली.  दुपार कलली की शेवंता येणार होती.

अण्णांनी सही केली. नाव, वेळ, प्रवेशाचा उद्देश: वाचन. मग ते संगणकासमोर बसले. रताळं७. संगणक उघडला.

"अं... काकू, वाचकांची यादी कुठे असते?"

"त्यालाच विचारा, अण्णा. सगळं नियमाप्रमाणे आहे."

अण्णा वाचू लागले. 'भाग एक: व्याख्या. या धोरणात "धोरण" याचा अर्थ हे धोरण असा होईल.' अण्णांनी डोळे चोळले. 'वाचकांच्या यादीसाठी परिशिष्ट क पाहावे.' अण्णा परिशिष्ट 'क'वर गेले. 'परिशिष्ट ग पाहावे.' ते 'ग'वर गेले. 'परिशिष्ट क प्रमाणे.' ते पुन्हा 'क'वर आले.

लांडगा हा फार चिवट प्राणी. तो सावजामागे दहा कोस पळतो. अण्णा 'क'वरून 'ग'वर आणि 'ग'वरून 'क'वर असे सतरा वेळा गेले. मग त्यांना वाटलं, आपण मधलं काहीतरी वाचायचं सोडलं असणार. म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. भाग दोनमध्ये त्यांची मान एकदा खाली गेली. भाग तीनमध्ये दोनदा. भाग चार होता 'उपरोक्त बाबींच्या अनुषंगाने'. तिथे अण्णांनी हनुवटी टेबलावर टेकवली आणि ते घोरू लागले.

दारात पानं खुसखुसली. शेवंता आली होती. तिनं लांडगा पाहिला आणि ती जागच्या जागी थिजली. मोठं पिल्लू भुंकायला तोंड उघडणार, तोच तिनं त्याचं तोंड आपल्या अंगाखाली दाबलं.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनं खुणावलं, ये.

शेवंता चार पावलं आली. एकेक पाऊल एवढं हळू, की जमिनीला कळू नये. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. काकूंनी सवयीनं परतीचा शिक्का उचलला. मग त्या थबकल्या. शिक्क्याचा आवाज होणार होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी शिक्का न मारता पुस्तक परत घेतलं.

त्यांनी पाठ वळवली. शेवंतानं मान लांबवून, नाकाला एकही काटा लागू न देता, आपलं कार्ड ओढून काढलं. क्षणभर बघितलं आणि खाऊन टाकलं. पळसाचं पान होतं ते.

"काकू..." तिनं ओठ हलवले.

"जा," काकूंनी ओठ हलवले.

ती गेली. पिल्लं गेली. काकू अण्णांच्या घोरण्याकडे कान लावून बसल्या. आयुष्यात कुणाच्या घोरण्याचा आवाज त्यांना इतका गोड वाटला नव्हता.

उन्हं उतरली. आणि मग नदीपलीकडून भुंकणं ऐकू आलं. एक मोठा आवाज. त्याच्यामागे दोन बारीक.

अण्णा खडबडून जागे झाले. त्यांनी कान टवकारले. फळीकडे पाहिलं. पुस्तक जागेवर होतं.

"काकू! हे... हे कधी आलं?"

"तुम्ही धोरण वाचत होता तेव्हा."

अण्णांनी दात विचकले. पण त्यांची एक अडचण होती. सगळ्या जंगलात त्यांची पत होती ती एवढ्यावरच, की अण्णा नियम मोडत नाहीत. ग्रंथपालावर धावून जाणं कुठल्याच नोंदवहीत बसत नव्हतं. त्यांनी रागारागानं जाण्याची वेळ लिहिली आणि शेऱ्यात लिहिलं, 'काही मिळाले नाही. झोप लागली.'

शनिवारी बगळेसाहेब आले. बेचाळिसाव्या रकान्यापाशी पोहोचले आणि नोंदवही बघून त्यांच्या चोचीला हसू फुटलं.

"झाली एकदाची चोरी! कालचीच तारीख. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा. आणि सही बघा कशी ठसठशीत. काकू, एका आठवड्यात केवढी प्रगती केलीत तुम्ही! 'अ' दर्जा."

"साहेब, वाचनालय राहील ना?"

"राहील म्हणजे? यावर लेख लिहिणार आहे मी."

काकूंनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, आता सगळं मार्गी लागलं. पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि एक आनंदाची बातमी. दोन्ही वाचनालयांसाठी दरबारानं सुरक्षा सल्लागार नेमलाय. आजपासून रुजू. या अण्णा!"

अण्णा आत आले. गळ्यात ओळखपत्र होतं.

"साहेब!" काकू ओरडल्या. "हा तर चोर आहे!"

"शब्द जपून वापरा, काकू. दोन वाचनालयांत सात सह्या आहेत त्यांच्या. आत शिरण्याचा एवढा अनुभव जंगलात दुसऱ्या कुणालाच नाही. पाच अर्ज आले होते. बाकी चौघांनी कधी कुठे चोरीच केलेली नाही. त्यांना सुरक्षेतलं काय कळणार?"

साहेब गेले. अण्णा काकूंच्या टेबलासमोर बसले. काकूंच्या पाठीवरच्या पानांवर त्यांची नजर आदल्या दिवशीच गेली होती, पण तेव्हा ती तब्येतीसाठी असतील असं त्यांना वाटलं होतं. आता त्यांना सगळा उलगडा झाला.

"काकू, त्रेचाळिसावा नियम. आजच केलाय. सल्लागारानं मागितल्यावर सर्व नोंदी तपासायला दिल्या पाहिजेत. नाहीतर दर्जा रद्द."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. पाठीवर एकोणऐंशी कार्डं होती. एकोणऐंशी जणांनी काय वाचलं, कुठे राहतात, परत कधी येणार.

"नियमच आहे म्हणता?"

"नियमच."

"मग माझी काही हरकत नाही. पण अक्षर बारीक आहे, अण्णा. जवळ या."

अण्णा जवळ आले.

"अजून जवळ या. चष्मा नाही ना तुमच्याकडे?"

अण्णा अगदी जवळ आले. काकूंनी पाठ वळवली. साळिंदर पाठ वळवतं तेव्हा ते तोंड लपवत नसतं, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. मग काकू, अगदी शांतपणे, एक पाऊल मागे आल्या.

त्या दिवशी खालच्या वाचनालयात एक नवी नोंदवही सुरू झाली. 'सल्लागारांच्या तपासणीची नोंदवही' असं तिच्यावर लिहिलं आहे. तिच्यात आजवर एकच नोंद आहे. सही जरा थरथरलेली आहे, कारण नाकात चौदा काटे असताना सही करणं सोपं नसतं. पण अण्णा नियमाचे पक्के. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे: 'नोंदींची अत्यंत जवळून तपासणी केली. त्या पूर्णपणे सुरक्षित आहेत. पुन्हा तपासणीची आवश्यकता वाटत नाही.'

तात्पर्य: मुलांनो, चोराला दारात अडवू नये, त्याच्याकडून सही घ्यावी. एक सही केलेला चोर हा पाहुणा असतो आणि सात सह्या केलेला चोर हा साहेब असतो. एवढं सगळं नियमानं करूनही कुणाचं नाव खरोखर सांभाळायचंच असेल, तर ते अशा जागी खोचून ठेवावं, जिथे वाचायला साहेबांना स्वतःचं नाक घेऊन यावं लागेल.